गाडी कुणाची, कागद कुणाचे, खातं कुणाचं

‘मारुती इको, सीएनजी, २०१९ मॉडेल, फर्स्ट ओनर. बदली झाल्यामुळे अर्जंट विकणे आहे. किंमत ९५,०००. फक्त गरजूंनीच फोन करावा.’

जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन बाजारातल्या खोट्या जाहिरातींचा मजकूर साधारण असाच असतो. खाली चार-पाच फोटो असतात. गाडी धुऊनपुसून उभी, सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. विकणारा जवान असतो आणि त्याचा पत्ता एखादी छावणी किंवा विमानतळ. उंबरमाळीत बसून हे वाचणाऱ्याला त्यात खटकण्यासारखं फारसं काही नसतं. कसारा घाट चढून गेलं की पुढं देवळालीचं तोफखाना केंद्र आहे, खाली कल्याणकडे अंबरनाथची आयुध निर्माणी आहे. फौजी माणूस इथं अनोळखी नाही. त्याची बदली होते, त्याला घाई असते, हेही लोकांनी पाहिलेलं असतं. खटकायला हवी ती एकच गोष्ट, किंमत. पण तीच तर माणसाला खेचून घेते. अशी गाडी बाजारात तीन-साडेतीन लाखांच्या खाली मिळत नाही.

या पट्ट्यात जुनी गाडी हौसेसाठी क्वचितच घेतली जाते. उंबरमाळी हे खर्डी आणि कसारा यांच्यामधलं छोटं स्टेशन, मुंबई–नाशिक महामार्गालगतचं. लोकल कसाऱ्याला संपते. पुढं नाशिकला जाणारे स्टेशनबाहेरच्या शेअर टॅक्सीत बसतात. या टॅक्सींवर अनेक घरं चालतात. त्यात आपली एक गाडी लागावी, असं कसारा, खर्डी, उंबरमाळीच्या किती तरी तरुणांच्या मनात असतं. मुरबाड-शहापूरची भेंडी-काकडी कल्याणच्या बाजार समितीत नेणाऱ्याला पिकअप हवी असते. मुंबईला पाणी पाजणारी भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातली, आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर फिरतात तेही याच तालुक्यात, तेव्हा टाकी बसवलेला छोटा हत्ती हासुद्धा धंदाच. रात्री-अपरात्री पाड्यावरून बाळंतीण शहापूरला न्यायची तर ज्याच्या दारात गाडी आहे त्यालाच हाक मारली जाते. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, बँक सातबाऱ्यावर कर्ज द्यायला कुरकुरते, म्हणून माणूस जुन्या गाडीकडे वळतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो याच तालुक्यातून जातो. त्याच्या भूसंपादनाचे पैसे काही घरांत आले, काहींत आले नाहीत. ज्यांच्याकडे आले त्यांनी शोरूममधून गाडी आणली. ज्यांच्याकडे नाही आले ते फोनवर जुन्या गाड्या बघत बसले.

आता त्या जाहिरातीवर फोन केल्यावर काय होतं ते पाहू. पलीकडचा माणूस ‘जय हिंद सर’ म्हणतो, हिंदीत बोलतो, घाई करत नाही. न मागता आधार कार्ड, पॅन कार्ड, कॅन्टीन कार्ड आणि गणवेशातला फोटो पाठवतो. गाडी बघायला छावणीत यायची परवानगी नाही, गाडी ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’नं घरपोच येईल, पैसे गाडी बघून द्या, म्हणतो. हे शेवटचं वाक्य ऐकून माणूस निश्चिंत होतो. मग येतो गेटपास. गाडी छावणीबाहेर काढायला ५,१०० रुपये, नंतर परत मिळणारे. ते भरले की शिक्का-सहीची पावती येते. मग वाहतुकीचा विमा, मग ‘जीएसटी’, मग टोलनाक्यावर अडकलेल्या चालकाचा फोन. प्रत्येक रक्कम आधीच्यापेक्षा मोठी आणि प्रत्येक रक्कम ‘रिफंडेबल’. वीस हजार गेल्यावर माणूस थांबत नाही, कारण थांबलं तर ते वीस हजार बुडाले असं होईल. या फसवणुकीचं सगळं बळ त्या पहिल्या पाच हजारांत आहे. पुढचे पैसे भामटा मागत नाही, आधी गेलेले पैसे मागतात.

लष्कराची अशी कोणतीही सेवा नाही. खासगी गाडी विकायला लष्कर ट्रक देत नाही, गेटपासचे पैसे कुणाच्या फोनवर मागत नाही. आणि ती ओळखपत्रं? ती बहुधा खऱ्याच जवानाची असतात. त्या जवानानंही कधी तरी अशाच कुणाला तरी खरेदी-विक्रीच्या भरात आपले कागद पाठवलेले असतात. एका फसवणुकीतून उरलेला माल पुढच्या फसवणुकीचं भांडवल होतो. म्हणून तो ‘जवान’ खोटा ठरला की त्याचा फोटो ‘हा चोर आहे, पुढे पाठवा’ म्हणून गावच्या ग्रुपवर टाकण्याची जी चढाओढ लागते, ती मला भामट्याच्या उद्योगाइतकीच धोकादायक वाटते. त्या फोटोतला माणूस कुठं तरी सीमेवर ड्यूटीवर असतो आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतं.

जवानाचं सोंग आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत मे २०१४ ते डिसेंबर २०१७ या काळात ऑनलाइन गाडीविक्रीच्या फसवणुकीच्या सुमारे २७ हजार तक्रारी एफबीआयच्या तक्रार केंद्राकडे आल्या आणि नुकसानीचा आकडा ५ कोटी ४० लाख डॉलरांच्या घरात गेला. तिथंही विकणारा बहुधा परदेशी तैनातीवर निघालेला सैनिक असायचा, नाही तर नवरा गमावलेली बाई, जिला गाडी डोळ्यांसमोर नको असते. पैसे ‘ईबे’च्या नावानं चालवलेल्या बनावट ‘खरेदीदार संरक्षण’ योजनेत भरायचे. या धंद्यातली एक मोठी टोळी रोमानियातल्या अलेक्झांड्रिया शहरातून चालायची. तिच्यावर पुढे केंटकी राज्यातल्या न्यायालयात खटला उभा राहिला. सैनिकच का? कारण स्वस्त किंमत, घाई, भेटता न येणं आणि तरीही विश्वास, या चारही गोष्टींचं उत्तर त्या एका गणवेशात मिळतं. दुसरं कोणतंही सोंग इतकं काम करत नाही.

किंमत इतकी हास्यास्पद का ठेवतात, याचं उत्तर मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांच्या २०१२ च्या एका निबंधात सापडतं. त्यांचा प्रश्न मजेदार होता: नायजेरियातून चालणारे ठग आपण नायजेरियाचे आहोत हे सांगतात तरी का? जगाला तर ते नाव ऐकताच शंका येते! हर्लींचं उत्तर असं, की शंका यावी म्हणूनच सांगतात. पत्र पाठवायला काही पडत नाही, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी बोलण्यात वेळ जातो. ज्याला संशय येणारच आहे तो पहिल्याच ओळीला गळून गेलेला बरा. ९५ हजारांची इको हेच काम करते. ज्याला भाव माहीत आहे तो हसून पुढं जातो. फोन करतो तो पहिल्यांदाच गाडी घेणारा, किंवा गरजेपोटी विश्वास ठेवायला तयार झालेला. भामट्याला नेमका तोच हवा असतो. ‘इतकं स्वस्त पाहून कळायला नको होतं का?’ असं फसलेल्याला सुनावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की ती किंमत त्यांच्यासाठी लिहिलेलीच नव्हती.

हे फोन कुठून येतात? देशभरच्या पोलिसांच्या तपासात वर्षानुवर्षं एकच पट्टा पुढं येत राहिला: हरियाणातला नूह जिल्हा आणि त्याला लागून राजस्थानातला भरतपूर-डीग आणि उत्तर प्रदेशातला मथुरेचा भाग. हा सगळा मेवात. इंटरनेट येण्याआधी तिथं ‘टटलू’ नावाचा एक जुना धंदा होता. शेत नांगरताना सोन्याची वीट सापडली आहे, गुपचूप स्वस्तात विकायची आहे, असा निरोप दूरदूरच्या व्यापाऱ्यांना जायचा. वीट पितळेची असायची. गणित तेच: भाव अर्धा, घाई खूप, गुपित सांभाळा. स्मार्टफोन आला आणि विटेची जागा आधी जुन्या मोबाइलनं, मग स्कूटी आणि गाडीनं घेतली. आता व्यापाऱ्याला मेवातपर्यंत बोलावायचीही गरज उरली नाही.

२७ एप्रिल २०२३ च्या रात्री हरियाणा पोलिसांचे सुमारे पाच हजार कर्मचारी नूहच्या १४ गावांत एकाच वेळी शिरले. सव्वाशे संशयित ताब्यात घेतले, साठाहून अधिक जणांना अटक झाली. जप्त फोन, सिमकार्ड आणि खात्यांची छाननी केल्यावर पोलिसांनी सांगितलं, की देशभरातल्या सुमारे २८ हजार तक्रारी आणि शंभर कोटी रुपयांची फसवणूक या जाळ्याशी जुळते. पुढल्या वर्षी राजस्थान पोलिसांनी भरतपूर परिक्षेत्रात ‘ऑपरेशन अँटीव्हायरस’ चालवलं. अटकेतली बहुतेक पोरं विशी-पंचविशीतली होती. नीती आयोगानं २०१८ मध्ये देशातल्या मागास जिल्ह्यांची जी क्रमवारी लावली, तिच्या तळाशी हाच नूह म्हणजे मेवात जिल्हा होता. रोजगार नाही, हातात फोन आहे, हे वर्णन आपल्या आदिवासी पाड्यांनाही लागू पडतं. म्हणजे एका मागास गावातला पोरगा दुसऱ्या मागास गावातल्या पोराला लुटतो आणि त्यांच्यामधलं दुकान चालवणारी कंपनी मोठ्या शहरात असते. यानं लुटणाऱ्याचा गुन्हा हलका होत नाही. पण धाडी घालून हा उद्योग संपेल, असं मला वाटत नाही. धाडी पडल्या की फोन दुसऱ्या जिल्ह्यातून येऊ लागतात.

आणि फसतात ती काही फक्त खेड्यातली माणसं नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीनं जुना सोफा विकायला काढला. ‘पैसे मिळवण्यासाठी’ म्हणून पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन केला आणि खात्यातून ३४ हजार रुपये गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला, एवढी एक गोष्ट माहीत नसल्यानं किती घरं बसली असतील! दुसऱ्याकडून पैसे ‘मागण्याची’ यूपीआयमधली सोय व्यक्ती-व्यक्तींपुरती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. त्यामुळं एक वाट अडली, पण क्यूआर कोड आहेच.

खोटी जाहिरात ओळखायची कशी, यावर बरंच सांगितलं जातं आणि त्यातलं बरंचसं खरंही आहे. फोटो धरून गूगल लेन्समध्ये शोधला तर तीच गाडी जयपूर आणि नागपूरला वेगवेगळ्या नावांनी विकायला काढलेली सापडते. जाहिरातीत कल्याण लिहिलंय, पण नंबरप्लेट हरियाणाची आणि मागच्या दुकानाची पाटी पंजाबी. खातं कालपरवाच उघडलेलं. व्हिडिओ कॉलवर गाडीचा चॅसिस नंबर दाखवा म्हटलं की नेटवर्क जातं. नंबरप्लेट झाकलेली असणं मात्र मी पुरावा मानत नाही, सभ्य माणसंही ती झाकतात. या सगळ्या खुणांनी ‘जवान’ पकडला जातो. पण डोळ्यांवरच भरवसा ठेवणाऱ्याला आडवं पाडणारी एक दुसरी तऱ्हा आहे. तिच्यात गाडी खरी, मालक खरा, आरसी बुक खरं, आणि तरीही पैसे जातात.

समजा, मुरबाडच्या एका गृहस्थानं आपली इको खरोखरच विकायला काढली, ३ लाख ४० हजारांना. भामटा त्याला खरेदीदार म्हणून फोन करतो. भाव फारसा पाडत नाही. सगळे फोटो, आरसीचा फोटो मागून घेतो. म्हणतो, ‘गाडी माझ्याकडे काम करणाऱ्या पोरासाठी घेतोय. तो उद्या बघायला येईल. पैसे मी भरणार आहे, त्याच्याशी किमतीचं काही बोलू नका.’ मग त्याच फोटोंवर स्वतःची जाहिरात टाकतो, २ लाख ४० हजारांची. हा भाव स्वस्त आहे, पण हसण्यासारखा नाही. उंबरमाळीचा तरुण फोन करतो. त्याला भामटा सांगतो, ‘गाडी मुरबाडला माझ्या मेहुण्याच्या दारात आहे. बघून या, चालवून बघा. पण आमच्यात घरातला वाद चाललाय, त्याच्यासमोर पैशाचा विषय काढू नका.’

दुसऱ्या दिवशी दोघं भेटतात. तरुण बरोबर मेकॅनिक घेऊन आलेला आहे, म्हणजे त्यानं शहाण्यासारखंच केलं आहे. बोनेट उघडलं, चॅसिस नंबर आरसीशी जुळवला, सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहिला. सगळं बरोबर. चहा झाला. मालक पैशाचं बोलत नाही, कारण त्याला तसं सांगितलंय. तरुण बोलत नाही, कारण त्यालाही तसंच सांगितलंय. दोघंही दिलेला शब्द पाळतात. तरुण बाहेर येऊन फोन करतो, गाडी पसंत आहे. खात्याचा नंबर येतो, २ लाख ४० हजार जातात. त्याच वेळी मालकाच्या फोनवर ३ लाख ४० हजार भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट येतो. मग तरुण चावी मागतो, मालक म्हणतो खात्यात अजून काही आलं नाही, आणि तासाभरात दोघं एकमेकांची गचांडी धरून पोलीस ठाण्यात उभे असतात. दोघांच्याही मते चोर समोरचाच. तिसरा माणूस दोघांनीही कधी पाहिलेला नसतो.

या प्रकारात जाहिरात बारकाईनं वाचून काही उपयोग नाही. खोटं जाहिरातीत नसतंच, ते दोन माणसांना एकमेकांशी बोलू न देण्यात असतं. ‘दादा, गाडी कितीला देताय?’ हा एक प्रश्न मालकाला समोरासमोर विचारला की सगळा डाव तिथंच मोडतो. म्हणूनच भामटा दोन्हीकडे सगळ्यात जास्त मेहनत घेतो ती हा प्रश्न विचारला जाऊ नये यासाठी.

मुरबाड तालुक्यात म्हसा इथं पौष पौर्णिमेला यात्रा भरते. तिथला बैलबाजार जुना आणि नावाजलेला. जनावरांच्या बाजारात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो, शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. दलाल असतो, तो दोन्हीकडून खातो, दातांवरून बैलाचं वय सांगताना हातचं राखतो. फसवणूक तिथंही होते, पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. पण बैल, बैलाचा मालक आणि पैसे घेणारा हात, तिन्ही एकाच झाडाखाली असतात. ऑनलाइन बाजारात हे तीन वेगवेगळ्या गावी असू शकतात, आणि खोट्या जाहिरातीचा सगळा खटाटोप ते तसे ठेवण्यासाठीच चालतो. ‘छावणीत येता येणार नाही’ म्हणून गाडी आणि माणूस लांब. ‘मेहुण्याशी बोलू नका’ म्हणून मालक आणि पैसे लांब. त्यामुळं वीस खुणांची यादी पाठ करण्यापेक्षा मी एकाच तपासणीवर भर देईन. आरसीवरचं नाव, समोर उभा असलेला माणूस आणि ज्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव, ही तिन्ही एक आहेत का? नसतील तर कारण कितीही पटण्यासारखं असो, पैसे पाठवायचे नाहीत. खातं बायकोचं, भावाचं, ‘कंपनीचं’ असेल तरी नाही.

हे जुळवायला साधनं आहेत. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख, विमा, फिटनेस, कर्जाचा बोजा दिसतो. मालकाच्या नावाची काही अक्षरं आता झाकलेली असतात, पण जुळवायला उरलेली पुरतात. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पुढं जाऊ नये. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. इथं गावोगाव एक सवय आहे: स्टँप पेपरवर सह्या करायच्या, गाडी चालवायची आणि नाव ‘सवडीनं’ बदलायचं. ती विकणाऱ्यालाच महागात पडते. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, गाडी मधे कितीही हातांतून फिरलेली असो.

कसारा–नाशिक फेऱ्यांसाठी गाडी घेणाऱ्यानं आणखी एक बघावं. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाडं घेऊन प्रवासी बसवता येत नाहीत. त्याला पिवळी पाटी, परवाना आणि फिटनेस लागतं. ‘धंद्याला चालेल’ एवढंच जाहिरातीत लिहिलेलं असतं, पुढचा खर्च कुणी लिहीत नाही. आणि गाडी एखाद्या डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला नोंदणी प्राधिकाऱ्याचं अधिकारपत्र लागतं. ते दाखवायला सांगावं. न दाखवणाऱ्याशी वाद घालत बसू नये, दुसरीकडे जावं.

गाडी ताब्यात आल्यावरही धोका संपत नाही, हे सांगणारं एक अजब प्रकरण २०२१ मध्ये नोएडा पोलिसांनी उघडकीला आणलं. एकच वॅगन-आर पुन्हापुन्हा ऑनलाइन विकली जात होती. गाडीत जीपीएस लपवलेलं, दुसरी चावी विकणाऱ्याच्याच खिशात. घेणाऱ्यानं दारात लावली की रात्री हा येऊन घेऊन जायचा आणि पुन्हा जाहिरात टाकायचा! गाडी घेतल्या दिवशी कुलपं बदलणं आणि वायरमनकडून एकदा डॅशबोर्डखाली बघून घेणं, हा खर्च फार नाही.

पण ओळखणं निम्मंच काम. तुम्ही ओळखलं, हसलात, पुढं गेलात. जाहिरात तिथंच आहे आणि तासाभरानं ती खर्डीतला कुणी तरी बघणार आहे. मग ती मोडायची कशी? जाहिरातीखालच्या ‘रिपोर्ट’ बटणानं ती एक जाहिरात जाते, दुसरी पाच मिनिटांत येते. जाहिरात फुकट, फोटो चोरीचे, सिमकार्ड काही शे रुपयांचं. या साखळीत खरोखर महाग आणि मिळायला अवघड असते ती एकच कडी: बँक खातं. भाड्यानं घेतलेलं, कुणा मजुराच्या किंवा विद्यार्थ्याच्या नावावर उघडलेलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या स्टीफन सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये स्पॅम ईमेलमधून विकल्या जाणाऱ्या मालाचा माग काढला. जाहिराती अब्जावधी, वेबसाइट हजारो, पण पैसे जमा होत होते ते मोजक्या बँकांमध्ये. जाहिरातींच्या मागे धावण्यापेक्षा खातं बंद पाडलं तर धंद्याला जास्त दुखापत होते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं असली भाडोत्री खाती हुडकायला ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली केली आहे, तीही याच विचारातून.

तेव्हा ‘जवाना’नं गेटपाससाठी खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी पाठवला, तर त्या क्षणी तुमच्या हातात त्याची सगळ्यात किमती गोष्ट आलेली असते. पैसे न भरता ती cybercrime.gov.in या राष्ट्रीय पोर्टलवर संशयित म्हणून नोंदवता येते. तिथं आलेला नंबर किंवा खातं आधीच कुणी नोंदवलंय का हेही बघता येतं. फोन नंबर ‘संचार साथी’च्या ‘चक्षू’ या सुविधेवर कळवता येतो. बाकी त्याला बोलण्यात गुंतवून मजा बघणं, खोटा पत्ता देऊन दमवणं, हे प्रकार व्हिडिओत बघायला बरे वाटतात. आपल्या खऱ्या नंबरावरून, आपल्या खऱ्या डीपीसह, ते करू नये. तो नंबर आणि तो फोटो उद्या दुसऱ्या एखाद्या सोंगाला लागेल.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट सतत टोचत राहते. सगळी सावधगिरी घेणाऱ्यानंच का बाळगायची? एकच फोटो एकाच दिवशी तीन राज्यांत तीन नावांनी चढवला जातोय, हे उंबरमाळीच्या पोराला कळणं अवघड आहे, पण ज्याच्या यंत्रावर ते तिन्ही फोटो साठवले जातात त्याला कळणं सोपं आहे. हे तंत्र जुनं आहे. आणि हे ऑनलाइन बाजार आपल्यापासून दूरही नाहीत: ओएलएक्सचा भारतातला व्यवसाय २०२३ पासून मुंबईच्या कारट्रेड टेककडे आहे. फेसबुकनं आपल्या मार्केटप्लेसची भारतातली चाचणी २०१७ मध्ये मुंबईतूनच सुरू केली. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ अशा मध्यस्थांना संरक्षण देतं: मजकूर दुसऱ्याचा, आम्ही फक्त जागा दिली, कळवलं की काढू. सिंगापूरनं २०२४ मध्ये याच्या पुढं पाऊल टाकलं. तिथल्या कायद्याखालच्या संहितेनुसार फेसबुक मार्केटप्लेस आणि कॅरोसेल या ऑनलाइन बाजारांना संशयास्पद विक्रेत्यांची ओळख सरकारी नोंदीशी पडताळावी लागते. आपल्याकडे गाडीची सगळी नोंद सरकारकडेच आहे, आधी सांगितलेल्या वाहन पोर्टलवर. गाडीची जाहिरात चढवताना तिचा नंबर आणि आरसीवरच्या मालकाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला, तर ९५ हजारांची इको जन्मालाच येणार नाही. मुरबाडच्या मालकाची जाहिरातही दुसऱ्याला परत टाकता येणार नाही. खरे विक्रेते थोडे कुरकुरतील, जाहिराती कमी होतील. कमी जाहिराती कुणाला परवडत नाहीत, ते उघड आहे.

तोवर पैसे गेलेच तर काय? २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. आधल्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता. गेलेल्यातला जो काही भाग अडवला गेला, तो बहुतेक पहिल्या काही तासांत आलेल्या फोनमुळं. १९३० हा नंबर लावला की तक्रार थेट संबंधित बँकेकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात आहेत तिथं गोठवले जातात, अजून तिथंच असतील तर. भामटे ते काही मिनिटांत तीन-चार खात्यांतून फिरवून एटीएममधून काढतात, म्हणून तास मोजायचे. इथं माणूस नेमका उशीर करतो. आधी ‘जवाना’लाच दहा फोन करतो. मग घरी सांगायची लाज वाटते, कारण पैसे बहुधा बायकोच्या बचतगटातून किंवा बापाच्या भाताच्या विक्रीतून आलेले असतात. मग रात्र होते. सकाळी लोकल धरून शहापूरला जातो, तोवर खातं रिकामं.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा जायची गरजच नाही, पहिला फोन १९३० ला. कसारा, शहापूर, किन्हवली, मुरबाड, टोकावडे ही ठाणे ग्रामीण पोलिसांची ठाणी. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं उत्तर मिळालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगावं: गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. गुन्हा लागतो तो तोतयेगिरीचा, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड, आणि फसवणुकीचा, न्याय संहितेचं ३१८(४). बँकेकडून भरपाईची आशा मात्र थोडी ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानं ग्राहकाला संरक्षण दिलं ते त्याच्या नकळत झालेल्या व्यवहारांत. इथं पिन त्यानं स्वतःच्या बोटानं दाबलेला असतो.

१९३० वरचा माणूस विचारतो ते ठरलेलं असतं: कोणत्या खात्यातून गेले, किती, किती वाजता, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. तो क्रमांक यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो, बँकेच्या एसएमएसमध्येही असतो. एकाहून जास्त वेळा पैसे गेले असतील तर प्रत्येकाचा वेगळा. जाहिरातीचा, त्या खात्याचा आणि व्हॉट्सॲपवरच्या संभाषणाचा स्क्रीनशॉट भामट्याला काही कळायच्या आत काढून ठेवायचा, कारण त्याला संशय आला की तो पहिल्यांदा जाहिरात काढतो आणि मग आपले मेसेज दोन्हीकडून पुसतो.